टेनिस कोर्टावरचा खडू आणि आमच्या गच्चीवरची रांगोळी

मागच्या रविवारी भाचा आला होता. सातवीत आहे, शाळेत कुठल्यातरी ब्रँडबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं, त्याने मॅकडी घेतलं. कागदावर पहिलंच वाक्य लिहून आणलेलं, "मॅकडोनाल्ड्सची सुरुवात १९५५ साली रे क्रॉक यांनी केली." मी म्हटलं खोड ते आधी. तो म्हणे, मामा, सगळीकडे असंच लिहिलंय. मग त्याला समोर बसवून दीड तास जे सांगितलं तेच आज इथे लिहितोय, कारण त्या एका वाक्याने मला खरंच वाईट वाटतं. ज्या दोन भावांनी ते स्वयंपाकघर डोकं लावून उभं केलं त्यांचं आडनाव पाटीवर आहे आणि माणसं मात्र कोणाला माहीत नाहीत.

आता मला इतकं का लागावं, तर त्यासाठी आधी आमच्या घरचं सांगायला लागेल.

आम्ही लालबागचे. बाबा मिलमध्ये, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, आमच्या चाळीत अजूनही लोक तसंच म्हणतात. बाबा परत मशीनवर उभे राहिले नाहीत. आईने मग गिरणगावातल्या बायका आधीपासून जे करत आल्या होत्या तेच केलं, जेवण करून द्यायला लागली. खाणावळ ही आमच्याकडे नवीन गोष्ट नव्हती, कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी महिन्याच्या बोलीवर कुणाकडे तरी जेवायचे, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून. पण संपानंतर जेवणारेच गावाला गेले तर खाणावळ चालणार कुणाच्या जिवावर. म्हणून आईने ऑफिसवाल्यांचे डबे धरले, आधी सात डबे, मग वीस, मग चाळीस, सगळं दहा बाय बाराच्या खोलीत, एका स्टोव्हवर आणि एका शेगडीवर.

आता अमेरिकेतल्या त्या भावांचं ऐका. मॉरिस मॅकडोनाल्ड आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड, घरात मॅक आणि डिक. मॅक १९०२ चा, डिक १९०९ चा. गाव न्यू हॅम्पशायर राज्यातलं मॅन्चेस्टर, घरचे मूळचे आयरिश. वडील बुटांच्या कारखान्यात ४२ वर्षं राबले आणि एक दिवस त्यांना सांगितलं की आता तुमची गरज नाही. ४२ वर्षं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. आपल्या बापाचं झालं ते आपलं व्हायला नको, कुणाच्या हाताखाली मरेपर्यंत राबायचं नाही हे त्या दोघांच्या मनात तिथून बसलं असणार, निदान मी तरी तसंच समजतो.

दोघं पश्चिमेला कॅलिफोर्नियात गेले, सिनेमाच्या स्टुडिओत सेट ढकलायची, सामान उचलायची कामं केली, मग एक थिएटर चालवायला घेतलं, ते मंदीच्या दिवसांत धड चाललं नाही. १९३७ मध्ये मन्रोव्हिया गावात विमानतळाजवळ घरच्यांची खाण्याची टपरी निघाली, तिथे हॉट डॉग आणि संत्र्याचा रस विकायचे. १९४० साली ती टपरीच उचलून, अक्षरशः इमारत कापून दोन तुकडे करून, सॅन बर्नार्डिनोला नेली आणि चौदावा रस्ता आणि ई स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बसवली. तेव्हा ते ड्राइव्ह-इन होतं, म्हणजे गिऱ्हाईक गाडीतच बसणार, वेट्रेस पोरी गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणार आणि ट्रे खिडकीला लावून देणार. मेनूवर पंचवीसेक पदार्थ, बार्बेक्यूचं मांस हा मुख्य. चालायचंही जोरात, गाडीपाशी जाणाऱ्या वीस पोरी कामाला होत्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, हॅम्बर्गर विकणारी पहिली साखळी यांची नाहीच. तो मान व्हाइट कॅसलचा, १९२१ साली कॅन्ससमधल्या विचिटा शहरात वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्राम यांनी सुरू केलं, पाच सेंटला एक छोटा चौकोनी बर्गर. पांढरीशुभ्र भिंत, चकचकीत स्टील, सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर, कारण तेव्हा लोकांना खिम्यात काय मिसळलंय याची खात्री नसायची. त्यांचं श्रेय त्यांनाच.

मॅकडोनाल्ड बंधूंनी जे केलं ते वेगळं होतं आणि ते समजायला स्वतः स्वयंपाकघर चालवलेलं असलं पाहिजे असं माझं मत आहे.

१९४८ साली, धंदा उत्तम चालू असताना, त्यांनी दुकान बंद केलं. तीन महिने! आपल्याकडे चालतं दुकान तीन महिने बंद ठेवतो म्हटलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील. बिलं काढून बघितली होती त्यांनी, तर विक्रीतला ८० टक्के भाग नुसता हॅम्बर्गरचा. म्हणजे बार्बेक्यू, बाकीचे वीस-बावीस पदार्थ, त्यांचं सामान, त्यांची भांडी, त्यांच्यासाठी लागणारी माणसं हे सगळं त्या उरलेल्या २० टक्क्यांसाठी. मग काढून टाकलं. पंचवीसचे नऊ पदार्थ केले. गाडीपाशी जाणाऱ्या पोरी बंद, खिडकीशी या आणि स्वतः घेऊन जा. काचेच्या प्लेटी, काटे-चमचे बंद, सगळं कागदात, म्हणजे धुणं नाही, फुटणं नाही, चोरीला जाणं नाही. ३० सेंटचा हॅम्बर्गर १५ सेंटला. एक पौंड मांसात दहा टिक्क्या, प्रत्येक बर्गरवर केचप, मोहरीचं सॉस, कांदा आणि लोणच्यातल्या काकडीचे दोन काप, सगळ्यांना सारखं. कोणाला कांदा नको असेल तर त्याने थांबायचं.

आणि आता टेनिस कोर्ट. हा भाग मी भाच्याला दोनदा सांगितला.

नवीन स्वयंपाकघर कसं असावं हे कागदावर त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी घरामागच्या टेनिस कोर्टावर खडूने ते खऱ्या मापात आखलं. इथे ग्रिल, इथे बन ठेवायची जागा, इथे पॅकिंग. रात्री दुकानातले कामगार बोलावले आणि त्या रेघांच्या आत त्यांना खोटं खोटं काम करायला लावलं, कोण कुणाच्या आड येतो, कोणाचा हात कुठे पोचतो, कोण विनाकारण मागे वळतो ते दोघं भाऊ बघत राहिले आणि रेघा पुसून परत मारत राहिले. मनासारखं झाल्यावर ते कागदावर उतरवून घ्यायच्या आत पाऊस आला आणि सगळा खडू धुऊन गेला. परत आखलं. त्यांच्या नव्या पद्धतीचं नाव त्यांनी ठेवलं स्पीडी सर्व्हिस सिस्टम, आणि एक हॅम्बर्गरच्या डोक्याचा छोटा आचारी, नाव स्पीडी, तो त्यांचा बोर्डावरचा पोरगा. पुढे आलेल्या रोनाल्ड मॅकडोनाल्ड या जोकरच्या कितीतरी आधीचा.

यंत्रंही बाजारात नव्हती. गावातला एक कारागीर होता एड टोमन, मशीन शॉप चालवायचा, बर्गरच्या धंद्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याने त्यांना एका दाबात ठरलेलं तेवढंच केचप आणि मोहरी सोडणारा पंप करून दिला, तव्यावर फिरवायची मजबूत उलथणी करून दिली. पुढे घडी पूर्ण बसली तेव्हा बारा माणसांचा ताफा, ग्रिलवर तिघं, शेकवर दोघं, फ्राइजवर दोघं, बन सजवायला दोघं, खिडकीवर तिघं. ज्याचं जे काम ते त्याने करायचं आणि आपल्या जागेवरून हलायचं नाही.

१२ डिसेंबर १९४८ ला दुकान परत उघडलं आणि पडलं की हो. जुनी गिऱ्हाइकं गाडीत बसून हॉर्न वाजवत राहायची, पोरी का येत नाहीत म्हणून. धंदा एकदम खाली आला. काही महिने त्यांनी कळ काढली, त्यातच चिप्स आणि पाय नावाच्या गोड पदार्थाच्या जागी फ्राइज आणि मिल्कशेक आणले, आणि हळूहळू वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं, बायकापोरांना घेऊन कामगार माणसं. इतके दिवस हॉटेलात कुटुंब घेऊन जाणं ज्यांना परवडायचं नाही ती माणसं. लहान पोरं हातात नाणी घेऊन खिडकीशी उभी, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत जेवण हातात. माझ्यासाठी सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, बुटाच्या कारखान्यातल्या माणसाच्या मुलांनी कामगाराला परवडेल असं बाहेरचं जेवण करून दाखवलं.

आता आमच्याकडे या.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, १३ तारखेला दिल्लीत वसंत विहारच्या बसंत लोकला आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला लिंकिंग रोडवर. मी तेव्हा कॉलेजला, आम्ही पाच-सहा जण ट्रेनने वांद्र्याला उतरून चालत गेलो होतो, ही एवढी रांग. लोक म्हणतात गर्दी होती कारण अमेरिकेचं अप्रूप, ते खरंच, पण मागे जे काम झालं होतं ते मला पुढे वाचून कळलं आणि ते आपल्या आसपास झालं होतं हे फार थोड्यांना माहीत आहे. दुकान उघडायच्या कितीतरी वर्षं आधीपासून माल कुठून येणार याची जुळणी चालू होती. आइसबर्ग लेट्यूस, जो तेव्हा आपल्याकडे कोणी फारसा खात नव्हतं, तो तळेगावच्या त्रिकाया कंपनीच्या शेतावर. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. टिक्क्या तळोज्याच्या व्हिस्टा कंपनीतून. सगळा माल ठरलेल्या थंडाव्यात राहील अशा गाड्यांतून दुकानात पोचायचा. गोमांस अजिबात नाही, कंपनीच्या जगभरातल्या कारभारात हे पहिल्यांदाच. व्हेजचं स्वयंपाकघर वेगळं, भांडी वेगळी, तिथे काम करणाऱ्यांचे एप्रन हिरवे, मेयोनीज बिनअंड्याचं. महाराजा मॅक आधी मटणाचा होता, मग चिकनचा झाला. पश्चिम भारताचा कारभार अमित जटिया यांच्याकडे, ते स्वतः शाकाहारी घरातले. आलू टिक्की नंतर आली आणि तिने गल्लीबोळातल्या पोरांना आत आणलं. वडापावशी तुलना मी करणार नाही, वडापाव माझा रोजचा आहे, त्याला कशाच्या शेजारी उभं करायची गरज नाही.

आईला मी घेऊन गेलो ते दोन-चार वर्षांनी, लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात. होय, मिलच्याच. बाबा बाहेर कठड्यावर बसले, आत आले नाहीत, म्हणाले तुम्ही खाऊन या. आई आत आली पण बसली नाही. काउंटरच्या एका बाजूला उभी राहून आत बघत राहिली, मागचं दिसत होतं थोडं. मी म्हटलं, "आई, काय बघतेस, चल ना, थंड होतंय." तर म्हणाली, "थांब रे. तो पोरगा बघ, मघापासून एकाच जागी उभा आहे. फक्त हात फिरतात त्याचे. पाय हलतच नाहीत."

मी पण बघितलं मग. बन आला, उघडला, वरून सॉसचं ते पिस्तूलासारखं असतं त्याचा एक खटका, कांदा, पान, टिक्की, कागद, घडी, मागच्या उताराच्या रॅकवरून खाली. परत बन. तो खरंच एक पाऊलसुद्धा हलला नव्हता. आईने बर्गर अर्धा खाल्ला, अर्धा बाबांना दिला, चवीबद्दल काही बोलली नाही, पण परत येताना बसमध्ये एकच वाक्य, "मी दिवसाला किती चालते माहितीये, त्या खोलीत?"

तेव्हा ते मी ऐकून सोडलं. २००९-१० च्या सुमाराला फाउंटनच्या फुटपाथवर या कंपनीच्या इतिहासाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यात टेनिस कोर्टाची गोष्ट, आणि मला बसमधलं ते वाक्य आठवलं. आम्ही त्याच वर्षी पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा भाड्याने घेत होतो, रोजच्या साडेतीनशे पोळ्या घरात होणं आता शक्य नव्हतं. मी आईला ती गोष्ट वाचून दाखवली, मराठी करून करून. ती म्हणाली, "मग आपण पण आखू की. गच्चीवर."

खडू नव्हता, रांगोळी होती. शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर आई, आमच्याकडच्या तीन मावश्या आणि मी, चाळीच्या गच्चीवर. गाळ्याचं माप दहा फूट बाय चौदा फूट, मी टेपने धरलं आणि आईने चिमटीतून रेघ सोडली, ठिपक्यांच्या रांगोळीला बसते तशी उकिडवी बसून, एक सरळ रेघ चौदा फूट, हात न थरथरता. मग आत ओटा, पिठाचा डबा, पाण्याचं पिंप, शेगडी, पोळ्यांचा डबा, भाजीचं पातेलं, पॅकिंग. मावश्यांना म्हटलं आता रोजच्यासारखं काम करा, हातात काही नाही असंच. पहिल्यांदा त्या लाजल्या. मग एकदा परातीत कणीक आहे असं धरून मळायला लागल्या आणि दहा मिनिटांत विसरूनच गेल्या की आपण गच्चीवर आहोत.

आणि दिसायला लागलं हो. लाटणारी मावशी प्रत्येक पोळीनंतर अर्धी वळत होती, कारण भाजणारी तिच्या मागे होती. अर्धी वळली की पोळी द्यायची, परत वळायचं, म्हणजे साडेतीनशे पोळ्यांना सातशे वेळा कंबर फिरवायची. मावशी संध्याकाळी कंबर धरून का बसतात याचं उत्तर तिथे रांगोळीत पडलं होतं. आईने तिथल्या तिथे पायाने रेघ पुसली आणि तवा लाटणारीच्या डाव्या हाताला आणला, म्हणजे पोलपाटावरून पोळी सरळ तव्यावर सरकली पाहिजे. उंडे करून ठेवणारी उजवीकडे. पिंप आधी दाराशी होतं, पाण्यासाठी प्रत्येक जण दोघींच्या मधून जायची, ते कोपऱ्यात नेलं आणि त्याला नळी लावून ओट्यापर्यंत आणायचं ठरलं. पॅकिंगची खिडकी भाजीकडे, पोळ्या तिथे सरकत येतील अशी. आईच्या मनात शेवटी जे आलं ते तर मला सुचलंच नसतं, ती म्हणाली तेलाचं भांडं दोन ठेवा, एकाच भांड्यात दोघींचे हात जातात म्हणून दोघी थांबतात.

पाचच्या सुमाराला वारा सुटला आणि आमचा ओटा उडायला लागला. आईने खालून दगड आणि जुने पेपर मागवले, रांगोळीच्या कडांवर पेपर ठेवून त्यावर दगड, आणि मी धावत जाऊन वहीत मापं उतरवून घेतली. त्या भावांचा पाऊस आठवला मला.

पदार्थांचंही तेच केलं. आमच्या फळ्यावर तेव्हा रोज सहा भाज्या, दोन उसळी, कधी थालीपीठ, कधी घावन, जे कोण मागेल ते. वही काढून महिनाभराचं बघितलं, तर पोळी, एक सुकी भाजी, एक रस्सा आणि वरण-भात हेच जात होतं, बाकीचं उरून आम्हीच रात्री खात होतो. मग रोज एक सुकी, एक रस्सा, वाराप्रमाणे. सोमवारी काय आणि गुरुवारी काय ते फळ्यावर कायमचं. नेहमीचे लोक चिडले, एक काका तर दोन महिने आलेच नाहीत, मग आले.

एक चूक झाली ती सांगतो. स्टीलचं टेबल करायला एका फॅब्रिकेटरला दिलं, माप लिहून दिलं उंची तीस इंच, कारण आमच्या तिन्ही मावश्या आणि आई पाच फुटांच्या आतल्या, लाटताना खांद्यातून जोर यायला पाहिजे. त्याने स्टँडर्ड म्हणून पस्तीस इंचाचं आणून ठेवलं. बदलून द्यायला तयार नाही, म्हणे सगळ्यांना हेच लागतं. तेव्हा मला एड टोमनची किंमत कळली, धंद्यातला नसूनही समोरच्याचं ऐकून घेणारा कारागीर. शेवटी बाबांनी ओळखीतला, मिलमध्येच फिटर असलेला एक दोस्त आणला, त्याने टेबलाचे चारही पाय कापून खाली नवीन बूट बसवून दिले, पैसे घ्यायला तयार नव्हता, आईने महिनाभर डबा पाठवला.

आता रे क्रॉकबद्दल, कारण भाच्याचं वाक्य तिथून सुरू झालं होतं आणि मला त्याच्यावर अन्याय करायचा नाही. क्रॉक १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. कागदी कप विकले, पियानो वाजवला, मग मल्टिमिक्सर नावाचं मिल्कशेकचं यंत्र विकत फिरायचा, एका वेळी पाच शेक करणारं. एखाद्या दुकानाला एक यंत्र पुरायचं आणि सॅन बर्नार्डिनोच्या या एका दुकानाने आठ घेतली होती, म्हणजे एकदम चाळीस शेक. हे कोण आहेत बघू तरी म्हणून तो १९५४ मध्ये तिथे गेला. वय ५२, तब्येतीची कुरबुर चालू. दुकानासमोरची रांग बघून त्याला पुढचं सगळं दिसलं.

भावांनी याच्या आधीच शाखा द्यायला सुरुवात केली होती. पहिली फिनिक्स शहरात, ॲरिझोनामध्ये, १९५३, नील फॉक्स नावाच्या पेट्रोलवाल्याला हजार डॉलरला. त्याने दुकानाला मॅकडोनाल्ड्सच नाव द्यायचं म्हटल्यावर डिकला आश्चर्य वाटलं होतं, की फिनिक्समध्ये आमच्या नावाला कोण ओळखतं. त्या पिवळ्या कमानीसुद्धा डिकच्याच डोक्यातल्या, स्टॅनली मेस्टन या आर्किटेक्टकडून नकाशा करून घेतला. दुकान लांबून दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना एकेक कमान, आणि ती रस्त्यावरून तिरकी बघितली की एम दिसतो.

पण भावांना फिरायचं नव्हतं. त्यांना आपलं एक दुकान, त्याचं रोजचं काम आणि संध्याकाळी घर, एवढं पुरेसं होतं. क्रॉकने करार केला, प्रत्येक शाखेच्या विक्रीतले १.९ टक्के, त्यातले ०.५ भावांना. १५ एप्रिल १९५५ ला त्याने इलिनॉयमध्ये डेस प्लेन्सला स्वतःची शाखा उघडली, पहिल्या दिवशीचा गल्ला ३६६ डॉलर १२ सेंट, आणि कंपनी आपला वाढदिवस तिथून मोजते. मेहनत त्याची खरी होती, पार्किंगमधला कचरा स्वतः उचलायचा, फ्राइज प्रत्येक शाखेत तंतोतंत सारख्या झाल्याच पाहिजेत यासाठी वर्षानुवर्षं मागे लागला. आणि पैसा खऱ्या अर्थाने कुठे आहे ते त्याला पैशाची बाजू बघणाऱ्या हॅरी सोनेबॉर्नने दाखवलं, १९५६ साली. जमीन कंपनीने भाड्याने किंवा विकत घ्यायची आणि शाखावाल्याला चढ्या भाड्याने द्यायची. बर्गर कोणी का विकेना, जागा आपली. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मिल बंद पडली आणि जमिनीला भाव आला, आमच्या डोळ्यादेखत.

१९६१ साली क्रॉकने कर्ज काढून भावांना २७ लाख डॉलरला विकत घेतलं, कर जाऊन प्रत्येकाच्या हातात साधारण दहा लाख आले. नाव गेलं, कमानी गेल्या. सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान त्यांनी आपल्याकडेच ठेवलं पण त्यावर आपलंच आडनाव लावायचा हक्क राहिला नाही, म्हणून त्याला नाव दिलं द बिग एम. क्रॉकने त्याच भागात मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत बिग एम बंद पडलं. व्यवहार कायद्याने बरोबर असेल, माझं मन मात्र ते मानत नाही, आजही नाही. विकत घेतलंस ना सगळं, मग त्या दोघांना ते एक दुकान चालवू द्यायचं होतं.

मॅक १९७१ ला गेला. डिक परत मॅन्चेस्टरला राहायला गेला होता, जिथून दोघं निघाले होते तिथेच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला एका कार्यक्रमात कंपनीने आपला ५० अब्जावा हॅम्बर्गर करून त्याच्या हातात दिला. तो १९९८ मध्ये गेला, वय ८९. म्हणजे मी वांद्र्याच्या रांगेत उभा होतो तेव्हा ती खडूची रेघ मारणारा माणूस जिवंत होता. हे लक्षात आल्यापासून मला राहून राहून त्याचंच वाटतं.

भाच्याने पहिलं वाक्य बदललं. "डिक आणि मॅक मॅकडोनाल्ड या दोन भावांनी १९४० साली सॅन बर्नार्डिनो येथे..." असं सुरू केलंय, आणि टेनिस कोर्टाचं चित्र काढलंय, त्यात पाऊसही आहे. आईने ते चित्र बराच वेळ हातात धरलं होतं. ग्रिल कुठे आणि बन कुठे हे त्याने उलटं काढलंय असं तिचं म्हणणं, कारण असं असेल तर त्या माणसाला वळायला लागेल.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शेजारचा गाळा रिकामा होतोय, मधली भिंत पाडायला मालक तयार आहे, आणि रोजच्या पोळ्या आता आठशेवर गेल्यात. पुढच्या शनिवारी परत गच्चीवर जायचंय. रांगोळीत या वेळी थोडी वाळू मिसळ म्हणालीये, म्हणजे उडणार नाही.